नळाची धार बारीक का होते?

बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या डोंगरात मन्मथस्वामींचे समाधिस्थान असलेले श्रीक्षेत्र कपिलधार आहे. पावसाळ्यात तेथील धबधब्याखाली उभ्या राहणाऱ्याच्या खांद्यावर बसणारा पाण्याचा मार हा उंचीचा प्रताप असतो. घरातील नळालाही हाच नियम लागू पडतो. टाकीतील पाण्याची पातळी तोटीपेक्षा दहा मीटर उंच असेल, तर तोटीपाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. तीन मजली इमारतीत तळमजल्याला आठ-नऊ मीटरची उंची लाभते. गच्चीलगतच्या मजल्यावरील शॉवरला मात्र जेमतेम दोन-तीन मीटर. त्यामुळे ५०० लिटरच्या जागी १००० लिटरची टाकी बसविल्याने दाब वाढत नाही, खर्च तेवढा वाढतो.

दोष शोधताना प्रथम सर्व नळ एकेक करून उघडून पाहावेत. एकाच नळाची धार बारीक असेल तर बिघाड तेथेच असतो. त्याखालील अँगल कॉक अर्धवट बंद राहिलेला असणे, हे प्लंबरला फुकटचा फेरा घडविणारे नेहमीचे कारण. तो पूर्ण उघडा असेल, तर तोटीच्या तोंडाची जाळी तपासावी. दख्खनच्या काळ्या खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड असते; त्यातील क्षारांचा पांढरा थर जाळीची छिद्रे बुजवितो. जाळी फिरवून काढावी, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी आणि जुन्या टूथब्रशने घासावी.

सर्वच नळ मंदावले असतील तर टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह पाहावा. त्याची आतील झडप दांड्यापासून सुटली, की चाक फिरते पण झडप खालीच राहते. जुने जी.आय. पाइप आतून गंजून अरुंद होतात. ते बदलताना अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची घेतल्यास पाण्याला सव्वादोन पट वाट मिळते.

पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावांत टाकी कोरडी पडते आणि पाइपात हवा अडकते. टाकी भरल्यावर खालच्या मजल्यावरील सर्व नळ एकाच वेळी पूर्ण उघडल्यास ती बहुधा निघून जाते. हा प्रकार वारंवार घडत असेल, तर टाकीतून निघणाऱ्या पाइपाला, टाकीच्या काठाहून उंच जाणारी हवेची नळी जोडून घ्यावी.

पालिकेच्या जलवाहिनीतच दाब कमी असेल तर प्रश्न घराबाहेरचा असतो. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत एकमजली वस्तीसाठी ७, दुमजलीसाठी १२ आणि तीनमजलीसाठी १७ मीटर किमान दाब सांगितला होता. प्रत्यक्षात तो अनेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून नळजोडणीलाच मोटार लावली जाते. हे बेकायदा तर आहेच, पण घातकही आहे. मोटारीच्या ओढीने वाहिनीत पोकळी निर्माण होते आणि गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. ते मोटार लावणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्याही हंड्यात उतरते. जमिनीखालील हौदात पाणी आपोआप भरू द्यावे व मोटार त्या हौदावर बसवावी. वरच्या मजल्यासाठी दाब वाढविणारा छोटा पंप हवाच असेल, तर तो गच्चीवरील टाकीच्या पुढे जोडावा.