बुसान : एका दिवसाचा थांबा, हजार दिवसांची राजधानी

१/
२४ डिसेंबर १९५०. ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज दक्षिण कोरियाच्या बुसान बंदरात आले. त्यावर सोय होती १२ प्रवाशांची. प्रत्यक्षात त्याच्या तळघरांत आणि डेकवर सुमारे १४,००० निर्वासित उभे होते. बुसानने त्यांना उतरू दिले नाही. शहरात जागाच उरली नव्हती.

२/
आज याच बंदरात क्रूझ जहाजे सकाळी लागतात आणि बहुधा संध्याकाळी निघतात. एवढ्या अवधीत प्रवासी पूल, मासळीबाजार, रंगीत घरांची टेकडी आणि एखादे स्मारक पाहून परततात. या स्थळांना जोडणारा धागा त्या भरलेल्या शहरापर्यंत जातो.

३/
बुसानचे भवितव्य त्याच्या भूगोलाने ठरवले. कोरियाच्या आग्नेय टोकावरचे हे बंदर जपानला सर्वांत जवळचे. १५९२ मध्ये हिदेयोशीच्या सैन्याने पहिला घाव येथेच घातला. १६७८ पासून जपानी व्यापाऱ्यांची कुंपणबंद वखार येथे होती. १८७६ च्या गांघ्वा तहाने हे बंदर जपानसाठी खुले झाले आणि १९१० ते १९४५ सारा देशच जपानच्या अमलाखाली गेला.

४/
२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने आक्रमण केले. तीन दिवसांत सेऊल पडले. ऑगस्टपर्यंत दक्षिणेच्या हाती उरला तो नाकदोंग नदीआडचा एक कोपरा आणि त्या कोपऱ्याचे बंदर, बुसान. कुमक, दारूगोळा, धान्य सारे याच धक्क्यावर उतरे. हे बंदर गेले असते, तर युद्ध तेथेच संपले असते.

५/
१८ ऑगस्ट १९५० रोजी बुसान तात्पुरती राजधानी झाले. सेऊल परत मिळाल्यावर सरकार तिकडे गेले. पण चिनी सैन्य युद्धात उतरले आणि जानेवारी १९५१ मध्ये ते पुन्हा बुसानला आले, ते ऑगस्ट १९५३ पर्यंत. दोन्ही मुक्काम मिळून सुमारे एक हजार दिवस. सरकारमागोमाग लक्षावधी माणसे आली. विद्यापीठांचे वर्ग तंबूंत भरू लागले.

६/
यॉंगदो पूल. १९३४ साली बांधलेला हा कोरियातील पहिला उचलपूल. पळापळीत ताटातूट होणाऱ्या कुटुंबांना बुसानमधली एवढीच एक खूण ठाऊक असे, म्हणून “यॉंगदो पुलावर भेटू” असे ठरे. माणसे दिवसेंदिवस तेथे वाट पाहत. पुलाखाली ज्योतिषी बसू लागले. त्यांच्याकडे प्रश्न एकच येई, आपले माणूस जिवंत आहे का? १९६६ मध्ये पूल उचलणे थांबले, ते २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले.

७/
आमी-दोंगची टेकडी. येथे वसाहतकाळातील जपानी दफनभूमी होती. सपाट जमीन संपल्यावर निर्वासितांनी थडग्यांवरच घरे उभारली. कोरलेल्या शिळा कुठे पायऱ्या झाल्या, कुठे भिंतींचा पाया. काही शिळांवरील नावे आजही वाचता येतात. पूर्वजांच्या समाधीला अतोनात मान देणाऱ्या समाजाने हे केले, यावरून त्या हिवाळ्याची कल्पना यावी.

८/
जवळच गामचॉन. छायाचित्रांत झळकणारी ही रंगीत उतरंड १९५० च्या दशकात गरिबांच्या खोपटांतून वाढली. वस्ती करणाऱ्यांत ‘थेगुकदो’ या धर्मपंथाचे अनुयायी बहुसंख्य होते. पुढच्या घराने मागच्याचा उजेड अडवू नये, अशी तिची पायऱ्यापायऱ्यांची रचना. कलाप्रकल्पाचे रंग मात्र २००९ नंतरचे.

९/
पोटाचा प्रश्न बाजारांनी सोडवला. जागालचीत बायका मासळी घेऊन बसल्या. गुकजे बाजारात लष्करी छावण्यांतून झिरपलेला माल विकला जाई. बोसू-दोंगच्या गल्लीत जुनी पुस्तके मांडली गेली. उत्तरेकडच्या लोकांना आपल्या गार शेवया हव्या होत्या. कुट्टूचे पीठ मिळेना, तेव्हा मदतीत आलेला गव्हाचा मैदा वापरला. तीच आज बुसानची खासियत मानली जाणारी ‘मिलम्यॉन’.

१०/
या धक्क्याशी भारताचेही नाते आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराचे ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक बुसानला उतरले. भारताने लढाऊ फौज पाठवली नाही. डॉक्टर आणि शुश्रूषक पाठवले. त्यांनी सैनिकांबरोबर सामान्य कोरियन नागरिकांवरही उपचार केले.

११/
जे परतले नाहीत, त्यांच्यापैकी सुमारे २,३०० जण शहरातील संयुक्त राष्ट्रांच्या स्मृती-दफनभूमीत विसावले आहेत. १९५१ मध्ये स्थापन झालेली ही जगातील एकमेव संयुक्त राष्ट्र दफनभूमी. अनेक थडग्यांतील सैनिक विशीच्या आतबाहेरचे होते.

१२/
आणि ते जहाज? बुसानमध्ये थोडे अन्नपाणी घेऊन ते जवळच्या गॉजे बेटाकडे वळले. तेथे नाताळाच्या सुमारास सारे निर्वासित सुखरूप उतरले. वाटेत एकही मृत्यू झाला नाही. उलट पाच बाळे जन्मली. कप्तान लिओनार्ड लारू यांनी पुढे समुद्र सोडून मठवास पत्करला. निर्वासितांपैकी बहुतेकांना वाटत होते की काही आठवड्यांत घरी परतू. त्यांचे हंगनाम बंदर आजही सीमेच्या उत्तरेस आहे आणि तिकडे जाणारे एकही जहाज बुसानहून सुटत नाही.