मार्जिन (सीएसएस)

वेबपृष्ठावरील घटकाच्या चौकटीबाहेर चारही बाजूंना सोडलेली मोकळी जागा. वहीच्या पानावर आपण सोडतो तो समासच हा. पण वहीत तो सगळ्या पानाला मिळून एक असतो, वेबपृष्ठावर मात्र प्रत्येक शीर्षकाला, परिच्छेदाला, चित्राला आपापला समास देता येतो.

पृष्ठाचा मजकूर आणि त्याचे रूप वेगवेगळे राहावे म्हणून हाकोन वियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएस या वेबपृष्ठांचे रूप ठरवणाऱ्या भाषेची कल्पना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाण म्हणून जाहीर केली. मार्जिन तेव्हापासून सीएसएसमध्ये आहे.

रचना : घटकाच्या रचनेत आतून बाहेर मजकूर, पॅडिंग (मजकूर आणि बॉर्डर यांमधली मोकळी जागा), बॉर्डर आणि मार्जिन असे चार थर असतात. सोलापुरी चादरीचा काठ मागावरच विणला जातो, म्हणून तो चादरीचाच भाग. बॉर्डरही तशीच घटकाची. दुकानाच्या फळीवर दोन चादरींमध्ये जागा सोडली, तर तिथे फळीचा रंग दिसतो. मार्जिन म्हणजे ही जागा. घटकाचा पार्श्वरंग बॉर्डरपर्यंतच पोचतो, मार्जिनमध्ये उतरत नाही.

मूल्ये : पिक्सेल, एम (अक्षराच्या आकारावरून ठरणारे एकक) किंवा टक्के यांत देतात. एकच मूल्य दिल्यास ते चारही बाजूंना लागू होते. दोन दिल्यास पहिले वर-खाली, दुसरे डावी-उजवीकडे. चार दिल्यास वरच्या बाजूपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. टक्केवारी वर-खालीसुद्धा घटकाला सामावणाऱ्या बाहेरच्या चौकटीच्या रुंदीवरूनच मोजतात. ठरावीक रुंदीच्या खंड-घटकाला (ब्लॉक) डावी-उजवीकडे ‘ऑटो’ दिले की तो मधोमध येतो. मार्जिनला ऋण मूल्य चालते, पॅडिंगला चालत नाही.

समासांचे विलीनीकरण : चादरींच्या विक्रीच्या पानावर एका चादरीच्या माहितीखाली ३० पिक्सेल आणि तिच्या खालच्या चादरीच्या वर २० पिक्सेल मार्जिन दिले, तर दोन्हींत अंतर ५० नव्हे, ३० पिक्सेल पडते, कारण उभ्या दिशेने लागून आलेल्या समासांपैकी मोठा तेवढा उरतो. फ्लेक्स आणि ग्रिड या मांडणीच्या प्रकारांतील घटकांचे समास असे विलीन होत नाहीत. नवशिक्यांचा गोंधळ बहुतेकदा इथेच होतो.

घटकाच्या आत मोकळीक हवी तिथे पॅडिंग आणि दोन घटकांत अंतर हवे तिथे मार्जिन, एवढा भेद पाळला की पानाची मांडणी सुटसुटीत राहते.