जाळपोळीचा अपराध : अग्निदापासून आगळिकीपर्यंत

चोराने नेलेली वस्तू पुष्कळदा कोठेतरी सापडते. मारेकऱ्याचे शस्त्रही हाती लागते. आगीचे तसे नाही. ती ज्या वस्तूचा नाश करते तिच्याबरोबर आपल्या उगमाचा पुरावाही बहुधा जाळून टाकते. शिवाय एका घराला लावलेली आग त्या घरापुरती राहील याची शाश्वती कोणालाच नसते. यामुळे जाळपोळीच्या अपराधाचा विचार करणाऱ्या प्रत्येक शास्त्रकारापुढे दोन चिंता उभ्या राहिल्या. आग लावणारा सुटला तर गावाला धोका. आणि केवळ संशयावरून निरपराध्याला धरले तर न्यायालाच धोका. भारतीय दंडनीतीने या दोन चिंतांचा मेळ कसा घातला, याचे स्थूल दर्शन घडविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. शिक्षा क्रूर होती ती सौम्य झाली, एवढेच या इतिहासाचे सार नव्हे. पुराव्याविषयीची सावधगिरीही त्यात फार जुनी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम कौटिलीय अर्थशास्त्र पाहू. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले तरी नगररचनेचे व नगरशासनाचे त्यातील चित्र अत्यंत तपशीलवार आहे, याविषयी दुमत नाही. दुसऱ्या अधिकरणातील नागरिकाच्या, म्हणजे नगराधिकाऱ्याच्या, कर्तव्यांत आगीचा प्रतिबंध हा मोठा भाग आहे. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या प्रहरांत घरात चूल पेटविण्यास बंदी होती. पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, कातड्याची पखाल इत्यादी साधने घरी न ठेवणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे. अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांची वस्ती एकत्र असावी, रस्त्यांवर पाण्याचे घडे ओळीने ठेवावेत, असेही नियम आहेत. आग लागली असता धावून न जाणाऱ्या घरमालकास १२ पण व भाडेकऱ्यास ६ पण दंड होता. यापुढील दोन विधाने आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होत. निष्काळजीपणाने आग लागल्यास ५४ पण दंड. आणि बुद्धिपुरस्सर आग लावणाऱ्यास मात्र अग्नीनेच वध. परिणाम एकच असला तरी प्रमाद आणि हेतू यांत एवढे अंतर मानले गेले. चौथ्या अधिकरणात कुरण, शेत, खळे, घर, वन यांना आग लावणाऱ्यासाठी हीच शिक्षा पुन्हा आली आहे.

स्मृतिकारांनीही हीच परंपरा पुढे चालविली. याज्ञवल्क्याने शेत, घर, वन, गाव, कुरण व खळे जाळणाऱ्यास गवताच्या अग्नीने जाळावे, असे म्हटले आहे. वसिष्ठाच्या धर्मसूत्रात सहा आततायी सांगितले आहेत व त्यांत अग्निद, म्हणजे आग लावणारा, पहिला आहे. चाल करून आलेल्या आततायीस मारणाऱ्याला दोष नाही, असे मनूचे प्रसिद्ध वचन आहे. परंतु या वचनाचा अर्थ सरसकट कोणासही मारण्याची मोकळीक असा घेणे योग्य नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत, याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायातील २१ व्या श्लोकाच्या विवरणात, या वचनाची सविस्तर चर्चा केली आहे व त्याचा शब्दशः अर्थ घेण्याचे नाकारले आहे. दक्षिणेत शतकानुशतके प्रमाण मानलेल्या या ग्रंथातील ही सावधगिरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शिक्षेइतकाच पुराव्याचा प्रश्नही स्मृतिकारांना सुचला होता. नारदाने, ज्या प्रसंगी साक्षीदारांची गरज नाही असे प्रसंग सांगताना, हातात जळते कोलीत असलेला मनुष्य अग्निद समजावा, असे म्हटले आहे. जवळच शस्त्र घेतलेला घातक, बांधाशेजारी कुदळ घेतलेला बांध फोडणारा, हीही त्याचीच उदाहरणे आहेत. प्रथमदर्शनी हा नियम भयंकर वाटतो. कारण आग विझविण्यास धावलेल्या मनुष्याच्या हातीही जळते लाकूड असू शकते. परंतु नारद येथेच थांबत नाही. द्वेषाने एखादा मनुष्य स्वतःच्याच अंगावर खुणा करून दुसऱ्यास गोवू शकतो, तेव्हा अशा ठिकाणी युक्तीने परीक्षा केली पाहिजे, असा इशारा तो लगेच देतो. हा इशारा मारहाणीच्या आरोपासंबंधी असला तरी चिन्ह आणि सत्य एक नव्हेत हे तत्त्व व्यापक आहे. आरोपीच्या बचावाचे बीज या इशाऱ्यात आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

इंग्रजी अमदानीत मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा तयार केला. ती १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिच्यात जाळपोळीस स्वतंत्र नाव नाही. दुसऱ्यास गैररीत्या नुकसान पोचविण्याच्या हेतूने किंवा तसे होईल हे जाणून मालमत्तेचा नाश करणे याला ४२५ व्या कलमाने जे नाव दिले, त्याचा राजभाषेतील मराठी पर्याय 'आगळीक' असा आहे; जाळपोळ ही विस्तवाने केलेली आगळीक होय. शंभर रुपये वा अधिक नुकसानीच्या अशा कृत्यास ४३५ व्या कलमाने सात वर्षांपर्यंत कैद ठेविली. १८८२ च्या दुरुस्तीने शेतमालाच्या बाबतीत ही मर्यादा दहा रुपयांवर आणली. राहते घर, पूजास्थान किंवा माल ठेवण्याची इमारत नष्ट करण्याचा प्रयत्न असल्यास ४३६ व्या कलमाखाली जन्मठेप काळे पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होती. १९५६ पासून काळ्या पाण्याची जागा जन्मठेपेच्या कारावासाने घेतली. विस्तवाबाबतच्या धोकादायक हयगयीस २८५ व्या कलमात केवळ सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होता. कौटिल्याने केलेला प्रमाद आणि हेतू यांतील भेद येथे वेगळ्या भाषेत पुन्हा भेटतो.

आततायीची कल्पनाही पूर्णपणे लोपली नाही. राहत्या घराला आग लावणाऱ्याविरुद्ध मालमत्तेच्या खाजगी संरक्षणाचा हक्क प्रसंगी त्याचा प्राण घेण्यापर्यंत जातो, असे १०३ व्या कलमात म्हटले होते. मात्र या हक्काला मर्यादा घातल्या. गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. आणि अपराध चालू आहे तोवरच हा हक्क टिकतो. आग लावून पळालेल्या मनुष्यास दुसऱ्या दिवशी गाठून मारणे हा बचाव नव्हे, तो खून होय.

या कायद्याची महाराष्ट्रातील मोठी कसोटी १८७५ च्या दंग्यांत लागली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. तेथून दंगा पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. काही ठिकाणी सावकारांच्या गंजी व घरे पेटविण्यात आली. परंतु नंतर नेमलेल्या आयोगाला असे आढळले की, जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे शांतपणे हवाली केले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. म्हणजे आग एकच, पण जळणारी वस्तू आणि जाळणाऱ्याचा हेतू यांवरून अपराधाचे स्वरूप पालटत होते: घर जाळणे हे एक कलम, गंजी जाळणे हे दुसरे, मूल्यवान दस्तऐवज नष्ट करणे हे तिसरे. ९५१ जणांना अटक झाली व ५०१ जणांवर अपराध शाबीत झाला. जवळजवळ निम्मे सुटले. शासनाने शिक्षेवरच समाधान मानले नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागील खऱ्या व्यवहाराची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयास दिला. जाळपोळीचे कारण शोधल्याशिवाय ती थांबत नाही, एवढे तरी तत्कालीन राज्यकर्त्यांना उमगले होते.

जमावाच्या हातून आग लागते तेव्हा आरोपीच्या बचावाचा प्रश्न अधिक बिकट होतो. तेथे हजर असणे आणि आग लावण्यात सहभागी असणे या दोन गोष्टी सहज एक मानल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मसालती खटल्यात, असंख्य आरोपी असता दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांच्या सुसंगत पुराव्याची अपेक्षा ठेवण्याची कसोटी मान्य केली. १९८४ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात, केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यावयाची तर त्याची साखळी अखंड असली पाहिजे व आरोपी निरपराध असण्याची वाजवी शक्यता उरता कामा नये, असे त्याच न्यायालयाने ठरविले. हे दोन्ही खटले खुनाचे होते. तथापि, स्वतःचा पुरावा जाळणाऱ्या अपराधास हे नियम विशेष लागू पडतात. आग आपोआप किंवा अपघाताने लागली, आरोपीला परिणामाची जाणीव नव्हती, जळालेली वास्तू राहती नव्हती, किंवा आरोपी तेथे नव्हताच, हे बचावाचे चार नेहमीचे मार्ग होत. त्यांतील प्रत्येक मार्ग अभियोगाला काय सिद्ध करावयाचे आहे याचीच आठवण करून देतो.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. विस्तवाने केलेली आगळीक आता ३२६ व्या कलमात आली असून रुपयांची जुनी मर्यादा गेली आहे. हयगयीचे कलम २८७ झाले व त्यातील कमाल दंड एक हजारावरून दोन हजार रुपये झाला. घर पेटविणाऱ्याविरुद्धचा संरक्षणाचा हक्क ४१ व्या कलमात राहिला. क्रमांक बदलले, प्रश्न बदलले नाहीत. अग्निदाला अग्नीत टाकणारी शिक्षा इतिहासजमा झाली हे योग्यच झाले. परंतु ज्याच्या हाती कोलीत दिसले तोच अग्निद, असे मानण्याचा मोह समाजाच्या मनातून गेलेला नाही. त्या मोहाविरुद्ध नारदाने दिलेला इशारा आजच्या न्यायाधीशालाही तितकाच उपयोगी आहे.