शौचालयाचे दार, सुगम

चालणे, उभे राहणे किंवा तोल सांभाळणे अवघड असलेल्या व्यक्तीला दुसऱ्याच्या मदतीशिवाय उघडता-लावता येईल असे दार. दारातून चाकाची खुर्ची जात नसेल, तर आतले कमोड आणि आधाराचे दांडे वाया जातात. त्यामुळे आराखडा दारापासूनच मांडायला हवा.

मापे : केंद्र सरकारच्या मापदंडांनुसार मोकळी रुंदी किमान ९०० मिमी. हे माप चौकटीचे नव्हे, पल्ला उघडल्यावर उरणाऱ्या वाटेचे.

उघडण्याची दिशा : दार बाहेर उघडावे. आत उघडणारा पल्ला खुर्ची वळवण्याची जागा खातो, आणि माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते. बाहेर उघडणारे दार बसल्या जागेवरून ओढून घेण्यासाठी पल्ल्याला आतून आडवा दांडा लागतो. कडी मूठ न वळवता सरकावी व अडचणीत बाहेरून उघडता यावी. अरुंद गल्लीत मात्र बाहेर येणारा पल्ला वाट अडवतो. तिथे सरकते दार सोयीचे.

पुण्याचा अनुभव : १९९९ ते २००१ या काळात, महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या पुढाकाराने वस्त्यांत चारशेहून अधिक सामुदायिक शौचालये उभी राहिली. बांधकामात स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन या संस्थांच्या आघाडीचा मोठा वाटा होता. जुन्या संडासांत पाण्याची बादली घेऊन शिरताना घाणेरड्या भिंतीला अंग घासे. आघाडीच्या रचनांत म्हणून दोन्हीकडे झुलणारी दारे आली, तसेच उकिडवे बसणे न जमणाऱ्या वृद्ध व अपंगांसाठी वेगळी सोय. ही दारे बादलीसाठी सुचली, तरी कुबडी धरलेल्या हातालाही तीच उपयोगी. फक्त बिजागरीची स्प्रिंग कडक नको, नाहीतर सावकाश चालणाऱ्याच्या अंगावर पल्ला परत येतो. वापरणाऱ्यांना विचारून केलेल्या रचनेचे हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण आहे.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याखालील सुगम्यतेच्या मानकांविषयीचा नियम १५(१) सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात अवैध ठरवला आणि सुगम्यतेची किमान मानके बंधनकारक करण्यास सांगितले.

घरगुती शौचालये : या विषयावर केंद्राच्या तत्कालीन पेयजल व स्वच्छता मंत्रालयाची पुस्तिका २०१५ची. कमी खर्चात करता येण्याजोगे बदल : उंबरठ्याऐवजी उतार, पल्ल्याला ओढायची दोरी, दार बसवणे शक्यच नसेल तर जाड पडदा.