गोधडीचं कूळ

आमच्या घरी एक जुनी गोधडी आहे. मधोमध हिरव्या इरकलीचा वीतभर तुकडा, त्याला लागून पांढरं धोतर, आणि खालच्या कोपऱ्यात एका निळ्या शर्टाचा खिसा, आहे तसा. इरकल आजीची, धोतर आजोबांचं, शर्ट थोरल्या काकांचा, शाळेत जातानाचा. लहानपणी त्या खिशात बोटं घालून मी झोपायचे. कुणी उसवून काढला नाही तो. आजीला विचारलं होतं एकदा, तर म्हणाली, ‘असू दे, त्यात त्याचा हात असायचा.’

हल्ली भेटवस्तूवर नाव घालून मिळतं. कपावर, उशीवर, पेनावर. आमच्या गोधडीवर कुणाचंच नाव नाही आणि तरी ती आमच्याच माणसांची, हे घरात प्रत्येकाला ठाऊक आहे. माणसाच्या नावाची भेट म्हणजे काय, हे मला या गोधडीनं शिकवलं. म्हणून तिचं कूळ शोधावंसं वाटलं.

सुरुवात शब्दापासून. हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी, आपल्याकडे गोधडी. एकाच घरातल्या बहिणी आहेत या, उच्चार तेवढे वेगळे. आपल्याकडे देशावर वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेवर कौदी. बाळाचं ते दुपटं. कापडाची चार पदरी घडी घातली की चौघडी. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत गोधडी आणि वाकळ दोन्ही सापडतात. वाकळ या शब्दाचा संबंध संस्कृतातल्या ‘वल्कल’ म्हणजे झाडाच्या सालीशी जोडला जातो. अंगावरची साल! वाकळ अंगावर ओढताना हा अर्थ मला फार जवळचा वाटतो.

शब्दापेक्षा वस्तू जुनी. संस्कृतात तिला कंथा म्हणतात आणि भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शेकडो तुकड्यांची जीर्ण कंथा भेटते, विरक्त माणसाचं वस्त्र म्हणून. वामनपंडितांनी भर्तृहरीची शतकं मराठीत आणली, तेव्हा हे चित्र मराठीतही आलं. पण त्याच्याही कितीतरी आधी बौद्ध भिक्षूंनी चिंध्या जोडायचं शास्त्रच केलं होतं. उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेली कापडं धुऊन, तुकडे जोडून चीवर शिवायचं. विनयपिटकातल्या महावग्गात एक सुंदर प्रसंग आहे. मगधातली बांधबंदिस्तीची भातशेतं पाहून बुद्धानं आनंदाला विचारलं, अशी चीवरं शिवता येतील का? आनंदानं तशी शिवून दाखवली. तेव्हापासून भिक्षूच्या वस्त्रावर शेताचे बांध आले.

त्याच ग्रंथात पदरांचा हिशोबही दिला आहे. थंडीत पांघरायची संघाटी नव्या कापडाची असेल तर दुपदरी करावी, जुन्या विरलेल्या कापडाची असेल तर चौपदरी. हे वाचलं तेव्हा मी थांबलेच. आजी गोधडी घालायला बसायची तेव्हा साडी हातात घेऊन आधी उजेडापुढे धरायची. किती विरली आहे ते बघून पदर किती लावायचे ते ठरवायची. तिनं महावग्ग वाचलेला नव्हता. गोधडी थेट भिक्षूंच्या चीवरातून आली असं मी म्हणणार नाही. पण विरलेल्या कापडाला ऊब कशी आणायची, या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे एकच निघालं.

आपल्या मातीतही याची खूण आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यानं विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळायचे. कापडाचं मोल केवढं होतं, ते यावरून कळतं. ठेव कापडासाठी, आणि सांभाळणारेही कापड विणणारेच.

कापड हातमागावरचं होतं तोवर ते महागच राहिलं. लुगडं विरलं की त्याची परकर-चोळी व्हायची, ती विरली की पोराचं झबलं, मग गोधडी, आणि गोधडीही गेली की चुलीजवळचं फडकं. त्या काळात गोधडी हे लुगड्याचं म्हातारपण नव्हतं, भर उमेदीचं काम होतं. चुलीपर्यंत जायला तिला अजून बरीच वर्षं असायची.

आता ती घालतात कशी, ते सांगते, कारण तिची सगळी अक्कल त्यात आहे. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटर लांब. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार पदर होतात, एका माणसाचं अंथरूण. कात्री लागत नाही. आत धोतराचे, चादरीचे, सदऱ्यांचे तुकडे पसरायचे, वरून दुसरं लुगडं घालायचं. अंगणात किंवा ओट्यावर उन्हाळ्याच्या दुपारी हे मांडायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचं आणि मग धावदोरा. कडेनं सुरुवात, चारी बाजूंनी फिरत फिरत आत. शिवणारी बाई गोधडीवरच बसते आणि टाका पुढे सरकेल तशी स्वतः सरकते. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. टाका फार घट्ट ओढला तर कापड गोळा होतं, सैल सोडला तर पायाच्या बोटात अडकतो. पदरांच्या मधे हवा अडकून राहते, तीच ऊब. टाक्यांचं काम एवढंच की आतले तुकडे एका कोपऱ्यात जमू नयेत.

पुन्हा पुन्हा धुतल्यानं सुताची खळ निघून जाते, धागा मऊ पडतो. नव्या कापडाला तो मऊपणा आणता येत नाही, तो वापरूनच येतो. तान्ह्या बाळाला कोरं कापड न घालता आधी जुन्यात गुंडाळायची आपली रीत आहे. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून, असं म्हणत. पण बाळाच्या कातडीला त्यातून जे मिळतं ते खरंच मिळतं.

चिंधी हा शब्द आपल्याकडे वाईटही वापरला गेला आहे. सिंधुताई सपकाळांचं लहानपणीचं नाव चिंधी होतं. नकोशी मुलगी, म्हणून फाटक्या कापडाचं नाव. त्याच समाजात गाडगेबाबांनी चिंध्यांचं वस्त्र आपण होऊन अंगावर घेतलं, आणि लोक त्यांना गोधडेमहाराज, चिंधेबुवा म्हणू लागले. एकीला टाकून द्यायला जो शब्द वापरला, तोच दुसऱ्याला हात जोडताना. गोधडीत मात्र कुठलीच चिंधी नकोशी नसते. लहान असली तर मोठ्या तुकड्यावर ठिगळ म्हणून बसते, तेही होत नसेल तर आत भरीला जाते.

इतर प्रांतांतल्या गोधडीच्या बहिणी बघाव्यात. बंगालात कांथा. चैतन्य महाप्रभूंना आईनं, शचीमातेनं, जगन्नाथपुरीला जाणाऱ्या यात्रेकरूंबरोबर कांथा पाठवल्याचं सांगतात, कृष्णदास कविराजांच्या चैतन्यचरितामृताच्या आधारानं. संन्यास घेऊन गेलेल्या मुलाला आई पाठवून पाठवून काय पाठवणार? घरातलंच कापड, आपल्या हातच्या टाक्यांचं.

दुसरी बहीण आपल्याला आणखी जवळची. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या जंगलात सिद्दी राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. तिथून सुटून, पळून ते घाटावरच्या रानात आले. त्यांच्या बोलीत कोकणी आहे, मराठी आहे, कन्नड आहे. त्यांच्या बायका जी गोधडी घालतात तिला कवंदी म्हणतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेनं आत, मध्यावर शेवट, अगदी आपल्यासारखं. चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी मानतात. ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर क्रूस असतो, मुसलमान घरातल्या कवंदीवर चंद्रकोर. हेन्री ड्रेवल या अमेरिकी कला-इतिहासकारानं २००४ मध्ये या बायकांची सहकारी संस्था उभी करायला मदत केली, म्हणून कवंदी जगात पोचली. आपल्या वाकळीचं नीट दप्तर कुणी फारसं ठेवलं नाही, याची मला खंत आहे.

आता पुन्हा आपल्याकडच्या कापडाकडे. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. गिरण्या वाढत गेल्या तसं कापड स्वस्त होत गेलं. गोधडीला ते फळलंच म्हणायचं, कारण घरात जुनेरं जास्त साठू लागली. तिला फटका बसला तो नंतर, नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्यांनी. या साड्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि टाक्यातून निसटतात. अशा साडीची गोधडी रात्रभर अंगावरून घसरत राहते. आणि शहरात बोहारीण दारात आली. जुन्या चार साड्यांवर स्टीलचं पातेलं, जरीची असेल तर घासाघीस करून डबा. गोधडीचं कापड पातेल्यात गेलं. पातेल्याची गरज होती, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्या साड्यांबरोबर काय गेलं, ते कुणी मोजलं नाही.

गावाकडे अजून गोधड्या आहेत. घटस्थापनेआधी घरातल्या साऱ्या वाकळा-गोधड्या नदीवर धुवायला नेतात. ओली गोधडी एका माणसाला उचलत नाही, दोघी दोन टोकं धरून पिळतात. मजुरीवर गोधड्या घालून देणाऱ्या बायका आजही आहेत, आणि कित्येक बचतगट नव्या रंगीत सुती कापडाच्या गोधड्या विकतात. त्या देखण्या असतात, त्या विकतही घ्याव्यात, शिवणाऱ्या हाताला दाम मिळालाच पाहिजे. पण माझं मत विचाराल तर भेट म्हणून द्यायची गोधडी जुन्याचीच हवी. परदेशी लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजीच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांशेजारी जी मऊ दुपटी असतात, त्यांतली एखादी घरातल्या साडीची असते. त्या बाळाला त्या घराची पहिली ओळख तिथून होते.

आणि हे अवघड नाही. बाळाची गोधडी घरातली सगळी मिळून आठवडाभरात करू शकतात. एक सुती पाचवारी घ्या, पुष्कळ वापरलेली. फॉल उसवा, जरीचे काठ असतील तर कापून टाका, जर बाळाला टोचते. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. नाव पाचवारी असलं तरी हल्लीची साडी साधारण साडेपाच मीटर असते. सहा घड्या घातल्या की नव्वद सेंटिमीटरची सहा पदरी गोधडी तयार, आत वेगळं काही घालायला नको. वरच्या पदरावर घरातल्या माणसांचे तुकडे लावा: आजोबांच्या सदऱ्याचा, आत्याच्या ओढणीचा, दादाच्या लहानपणच्या शर्टाचा. बटणं, हुक, टिकल्या, लेस काही नको, बाळ सगळं तोंडात घालतं. अंगाच्या साबणाची झिजलेली चीप घेऊन मुलांना दोन-दोन बोटांवर रेघा मारायला सांगा, धुतल्यावर त्या निघून जातात. सुती दोरा दुहेरी घ्या. दहा वर्षांच्या मुलाला धावदोरा तासाभरात येतो. त्याचे टाके वाकडे येतील. ते उसवू नका, पुढे त्याला स्वतःचे टाके त्यावरूनच ओळखू येतील.

एक विनंती आहे. तुमच्या घरात जुनी गोधडी असेल तर एखाद्या सुट्टीत ती उन्हात पसरा आणि घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा. एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कुणाचं? सांगतील ते वहीत लिहून ठेवा, आणि ती वही गोधडीच्या घडीतच ठेवा. आमच्या गोधडीत अकरा तुकडे आहेत. आजी गेली तेव्हा त्यांतल्या सातच तुकड्यांची माणसं आम्हाला ठाऊक होती.