किरणसंरक्षक औषधे आणि तीस दिवसांची कसोटी

किरणोत्सारापासून शरीराचे रक्षण करणाऱ्या औषधांचा इतिहास सामान्यतः १९४९ पासून सांगितला जातो. त्या वर्षी शिकागोजवळील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत हार्वे पॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅट जातीच्या उंदरांना सिस्टीन हे अमिनो आम्ल टोचले व त्यानंतर त्यांच्यावर क्ष-किरणांची मारक मात्रा सोडली. त्यांपैकी बरेच प्राणी वाचले. किरणांनंतर दिलेल्या सिस्टीनचा मात्र उपयोग झाला नाही. १९५१ मध्ये बेल्जियममधील झेनॉन बाक यांनी सिस्टिअमीनचा असाच गुण दाखवून दिला. गंधकयुक्त थायॉल रेणू मुक्त मूलकांना जागीच निष्प्रभ करतात, हे स्पष्टीकरण यातून रूढ झाले.

अण्वस्त्रयुद्धाच्या भीतीने हा प्रश्न लष्कराकडे गेला. अमेरिकेतील वॉल्टर रीड संस्थेच्या कार्यक्रमात १९५९ ते १९७३ या काळात चार हजारांहून अधिक संयुगांची परीक्षा झाली. मुख्य कसोटी एकच होती : किरण दिल्यावर तीस दिवसांनी किती उंदीर जिवंत आहेत? सैनिकाच्या दृष्टीने ती रास्तच म्हणावी लागेल. परंतु एकतिसाव्या दिवसानंतर पेशींत काय घडते, हे तीतून कळणे शक्य नव्हते. या चाळणीतून ‘डब्ल्यूआर-२७२१’, म्हणजेच अ‍ॅमिफोस्टिन, पुढे आले. उलट्या व रक्तदाब घटणे या दोषांमुळे ते रणांगणासाठी गैरसोयीचे ठरले. रुग्णालयांत मात्र त्याला स्थान मिळाले, कारण हे औषध निरोगी ऊतींचे रक्षण करते व अर्बुदाचे फारसे करीत नाही, असे यूहास व स्टोरर यांनी १९६९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले होते. अमेरिकेत १९९५ मध्ये त्याला प्रथम मान्यता मिळाली.

दीर्घकालीन परिणामांचा विचार उशिरा सुरू झाला. १९८४ मध्ये मिलास व सहकाऱ्यांना या औषधामुळे उंदरांतील किरणजन्य अर्बुदे कमी होताना आढळली. १९९१ मध्ये डेव्हिड ग्रडिना यांच्या गटाने उंदरांचे आयुर्मान वाढल्याचे नोंदविले. पुढे याच गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी मूळच्या स्पष्टीकरणाला मर्यादा घातली. थायॉल औषधाच्या संपर्कानंतर उंदराच्या सार्कोमा पेशींत एनएफ-कप्पा-बी हे नियंत्रक प्रथिन जागृत होते, त्यामुळे मँगनीज सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज या विकराच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढते आणि साधारण चोवीस तासांनी पेशी किरणांना अधिक दाद देईनाशा होतात. औषध ओसरल्यानंतरचे हे संरक्षण पेशींच्या स्वतःच्या जनुकांकडून येत होते.

किरणोपचार सहसा रोज एक याप्रमाणे, आठवड्यातून पाच दिवस दिले जातात. आदल्या दिवशीच्या औषधाने जागविलेले जनुक दुसऱ्या दिवशीच्या मात्रेला सामोरे जाते. २००९ मध्ये ग्रडिना यांच्या गटाने जिवंत उंदरांत अ‍ॅमिफोस्टिन दिल्यानंतर ही विकरक्रिया तपासली, तेव्हा ती निरोगी ऊतींबरोबर अर्बुदातही वाढलेली आढळली.