क्रिकेटचा हात बेसबॉलला चालत नाही. मुलांना फटका कसा शिकवायचा?

लाखनी : धान निघाले की मोकळ्या बांधीत पोरांचे क्रिकेट सुरू होते. शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉलही आहेत. शाळेचा संघ पाठवायचा म्हटले की बहुतेक वेळा क्रिकेटवालीच पोरं उभी केली जातात. मग तीन स्ट्राइक होतात आणि पोरगा चेंडूला न लागताच बाहेर. ताकद असते, पद्धत चुकते. वयोगट एकदा निघून गेला की ती संधी परत येत नाही.

फरक काय?
क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा खाऊन येतो, बेसबॉलमध्ये थेट हवेतून. बॅट चपटी नाही, गोल असते. मागे किंवा बाजूला गेलेला फटका फाऊल ठरतो. दोन स्ट्राइक होईपर्यंत फाऊल स्ट्राइक म्हणून मोजतात. चेंडू गुडघ्यापासून छाती-पोटाच्या मध्यापर्यंत आणि १७ इंच रुंद प्लेटवरून आला तर तो स्ट्राइक. बाहेरचे चार चेंडू सोडले तर पहिला बेस फुकट मिळतो. म्हणून सोडायलाही शिकवा.

फटक्याच्या पायऱ्या (उजव्या हाताच्या मुलासाठी)
१. पकड : डावा हात खाली, उजवा वर, दोन्ही चिकटून. बॅट तळहातात नाही, बोटांत धरावी. आवळू नये.
२. उभे राहणे : पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले. बॅट जमिनीवर टेकवायची नाही, मागच्या खांद्याजवळ ठेवायची.
३. पाऊल : आधी वजन मागच्या पायावर, मग पुढचा पाय हलकेच थोडा पुढे.
४. कंबर : आधी कंबर फिरते, मग खांदे, शेवटी हात. मागची टाच उचलली जाते. लाकूड फोडणाऱ्याला माहीत आहे, जोर कमरेतून येतो. पण बॅट कुऱ्हाडीसारखी वरून खाली आणायची नाही. चेंडूच्या रेषेत न्यायची.
५. भेट : चेंडू शरीराच्या थोडा पुढे मारायचा. नजर चेंडूवर, डोके स्थिर. त्या क्षणी उजवा तळहात वर, डावा खाली.
६. शेवट : बॅट पूर्ण फिरू द्यावी, पण हातातून सोडू नये.

सराव कमी खर्चात
कमरेएवढ्या उंच रबरी नळीवर चेंडू ठेवून मारायला लावा. समोर जुने मासेमारीचे जाळे बांधा. पंचवीस फटके नीट मारलेले शंभर वेड्यावाकड्यांपेक्षा बरे. नंतर बाजूने हळू चेंडू टाका, शेवटी समोरून. एका दिवशी एकच चूक सुधारा.

बॅट जड नको. हात ताणून दहा आकडे मोजेपर्यंत धरता आली नाही, तर ती त्या मुलासाठी जड आहे.

हे विसरू नका
हेल्मेटशिवाय कोणी उभे राहू नये. फिरणाऱ्या बॅटजवळ दुसरे पोरगे नको, सरावात सर्वाधिक धोका तिथेच. चुकलेल्या मुलावर ओरडू नका. घाबरलेला पोरगा डोळे मिटूनच बॅट फिरवतो.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटसोबत बेसबॉल-सॉफ्टबॉलही आहे. मुलींनाही मैदानावर आणा. पायऱ्या त्याच आहेत.